घरच्या संगणकातील नको असलेले सॉफ्टवेअर : आधी हिशेब जपा, मग सफाई करा

मालवण, वेंगुर्ला, देवगड, कणकवली, सावंतवाडी या आपल्या बाजारपेठांतील लहान व्यापाऱ्याच्या घरी जो संगणक असतो, तो एकट्या व्यापाऱ्याचा नसतो. दिवसा मुले त्यावर शाळा-कॉलेजचे काम करतात, खेळ खेळतात. दुकान बंद झाल्यावर रात्री त्याच संगणकावर रोजमेळ लिहिला जातो, उधारीची यादी काढली जाते, बँकेचे खाते उघडले जाते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर विवरणपत्रेही त्यावरूनच भरली जातात. कित्येक घरांत हा संगणक कुवेत, मस्कत किंवा दुबईहून सुट्टीवर आलेल्या भावाने आणलेला, म्हणजे आधी दुसऱ्या कोणीतरी वापरलेला असतो. अशा संगणकात वर्षभरात इतके सॉफ्टवेअर गोळा होते की त्यातले आपण काय टाकले आणि आपोआप काय आले, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही.

मग एक दिवस संगणक मंद होतो. इंटरनेट उघडले की भलतेच पान समोर येते. कोपऱ्यात जाहिराती उडू लागतात. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब येथे दाबा’ अशी सूचना येते. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दिसेल तो अनोळखी फोल्डर सरळ पुसून टाकतात, नाही तर इंटरनेटवरून एखादे ‘सफाई करणारे’ सॉफ्टवेअर आणून टाकतात. पहिल्या उपायात हिशेब जाण्याची भीती असते आणि दुसऱ्यात एका चोराला काढण्यासाठी दुसऱ्याला घरात घेण्याची. हे काम अवघड नाही. फक्त ते ठरावीक क्रमाने करावे लागते. तो क्रम येथे देत आहोत.

नको असलेले म्हणजे काय?

नको असलेल्या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार बिनबोलावलेल्या पाहुण्यांचा. नव्या लॅपटॉपबरोबर कंपनीनेच भरून दिलेले तीस दिवसांचे नमुने, खेळ, किंवा आपण एक सॉफ्टवेअर उतरवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेल्यामुळे त्याच्या मागून आलेली दुसरी दोन. ही जागा अडवतात, संगणक मंद करतात, पण बहुधा चोरी करीत नाहीत.

दुसरा प्रकार ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये, घर करून बसणाऱ्यांचा. हे आपले पहिले पान बदलतात, शोध दुसरीकडे वळवतात, जाहिराती दाखवतात आणि आपण कोणती पाने पाहतो याची नोंद ठेवतात.

तिसरा प्रकार उघड चोरांचा. कळफलकावर टाइप केलेला पासवर्ड टिपणारे, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे, किंवा दूर बसलेल्या माणसाच्या हाती आपला संगणक देणारे.

पहिल्या दोन प्रकारांत सवडीने काम केले तरी चालते. तिसऱ्याचा संशय आला तर सर्वांत आधी इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावे, आणि त्या संगणकावरून बँकेचे खाते उघडणे पूर्ण थांबवावे.

सफाईच्या आधी : हिशेब वेगळा काढा

गोदामात पाणी शिरले की आपण आधी कोरा माल वर उचलतो, मग झाडू हाती घेतो. येथेही तसेच करावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची सोय असते. ती वापरून सर्व वर्षांचा हिशेब पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. त्याबरोबर बिलांच्या प्रती, जीएसटीच्या पावत्या, ग्राहकांची यादी, घरची कागदपत्रे व फोटोही घ्यावेत. तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

एक, फक्त आपली माहिती घ्यावी, सॉफ्टवेअर घेऊ नये. सॉफ्टवेअरची नक्कल घेतली तर रोगही सोबत येईल. दोन, जुन्या बॅकअपवर नवा लिहू नये. आजच्या हिशेबात बिघाड शिरला असेल तर गेल्या महिन्याची चांगली प्रत तेवढीच उरलेली असते. तीन, बॅकअप घेतल्यावर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा आणि त्यातला हिशेब उघडतो की नाही हे तपासावे. त्यासाठी दुसऱ्या संगणकाला तो लावल्यावर काहीही उघडण्यापूर्वी तेथील अँटीव्हायरसने तपासणी करावी. खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकाला लागून राहिलेल्या पेन ड्राइव्हलाही कुलूप लावते, म्हणून तो अडकवून ठेवलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे.

ही खबरदारी फक्त चोरटे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहे असे समजू नये. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचे घातक सॉफ्टवेअर जगभर पसरले. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, आणि तीही एम. ई. डॉक नावाच्या कर व हिशेबाच्या अधिकृत सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून. त्यात मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि आपल्याच कोकण किनाऱ्यावर न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. ज्यांच्याकडे हिशेबाची वेगळी प्रत होती, तेच सावरले. जगातल्या मोठ्या कंपनीचा हा अनुभव असेल, तर दोन वर्षांची उधारी एकाच संगणकात ठेवणाऱ्या दुकानदाराने काय करावे, हे वेगळे सांगायला नको.

बॅकअप झाल्यावर विंडोजमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा. शोधाच्या चौकटीत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे लिहिले की ती खिडकी उघडते. पुष्कळ संगणकांत ही सोय बंद असते, ती आधी चालू करावी लागते. पुढे काही बिघडले तर विंडोजची आजची मांडणी यामुळे परत आणता येते. मात्र पुसलेल्या फाइली यातून परत येत नाहीत, म्हणून बॅकअपऐवजी याच्यावर विसंबू नये. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून किंवा संगणक इन्व्हर्टरवर ठेवूनच पुढच्या कामाला हात घालावा.

काय काढू नये

नाव अनोळखी आहे म्हणून सॉफ्टवेअर नको असलेले ठरत नाही. सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. विंडोजच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाच्या पाच-सहा ओळी दिसतात. एकच पुरे म्हणून बाकीच्या काढल्या की त्यांवर चालणारे दुसरे सॉफ्टवेअर बंद पडते. इंटेल, एएमडी, रियलटेक या नावांच्या ओळी बहुधा पडदा, आवाज आणि इंटरनेट चालवणाऱ्या असतात. त्यांना हात लावू नये.

व्यापाऱ्यांनी आणखी काही नावे ओळखून ठेवावीत. डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, जीएसटीच्या पोर्टलवर ती सही करण्यासाठी लागणारे ‘ईएमसाइनर’, बारकोड आणि बिलाच्या प्रिंटरचे ड्रायव्हर, आधारसाठी अंगठा घेण्याच्या यंत्राची ‘आरडी सेवा’. ही नावे एरवी कधी डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून सफाईत पहिला बळी त्यांचाच जातो आणि विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला सही होत नाही. म्हणून आधी संपूर्ण यादी वहीत उतरवावी, प्रत्येकापुढे ‘आपले’, ‘नको’ किंवा ‘ठाऊक नाही’ असे लिहावे. ‘ठाऊक नाही’ असलेले नाव जाणकाराला किंवा आपल्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय काढू नये.

काढण्याची योग्य रीत

फोल्डर पुसणे म्हणजे झाडाचा शेंडा छाटणे. सॉफ्टवेअर उतरताना ते आपल्या नोंदी विंडोजमध्ये अनेक ठिकाणी करते. फोल्डर पुसला की त्या नोंदी तशाच राहतात आणि विंडोज ते सॉफ्टवेअर शोधत बसते. काढायचा रस्ता सॉफ्टवेअरबरोबरच आलेला असतो, त्याच रस्त्याने त्याला बाहेर न्यावे.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘अॅप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड अॅप्स’ येथे जावे. विंडोज १० मध्ये याच जागी ‘अॅप्स अँड फीचर्स’ असते. यादी तारखेप्रमाणे लावली की फार मदत होते, कारण त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेली नावे एकत्र दिसतात. नको त्या नावावर ‘अनइन्स्टॉल’ दाबावे. येथे घाई करू नये. काही सॉफ्टवेअर जाता जाता फसवे प्रश्न विचारतात : ‘ठेवायचे का?’, ‘त्याऐवजी हे घ्यायचे का?’ मोठ्या रंगीत बटणाचा अर्थ बहुधा ‘ठेवा’ असा असतो. प्रत्येक वाक्य वाचावे, समजत नसेल तर इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. एका वेळी एकच सॉफ्टवेअर काढावे, संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, टॅली आणि प्रिंटर चालतात हे पाहावे आणि मगच दुसऱ्याला हात घालावा.

एखादे सॉफ्टवेअर ‘मी चालू आहे’ म्हणून निघायला नकार देते. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, त्यातले ते नाव निवडून ‘एंड टास्क’ करावे आणि पुन्हा काढून पाहावे. तरीही निघाले नाही तर ‘सेफ मोड’ वापरावा. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ म्हटले की निळा पडदा येतो. त्यातून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असे जाऊन ४ हा आकडा दाबावा. यात विंडोज अगदी गरजेपुरतेच चालते आणि हट्टी सॉफ्टवेअर जागे नसते. नव्या लॅपटॉपवर अशा वेळी ‘बिटलॉकर’ची लांबलचक किल्ली मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. ती आधी शोधून वहीत लिहून ठेवावी. ती नसेल तर हा प्रयोग घरी करू नये.

मागे राहिलेली मुळे

अनइन्स्टॉल झाले म्हणजे सगळे गेले असे नाही. २०१४ च्या सप्टेंबरपासून काही महिने विकल्या गेलेल्या लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो प्रकार उघड झाला. सुपरफिशने संगणकात स्वतःचे एक डिजिटल प्रमाणपत्र बसवले होते. त्यामुळे बँकेच्या पानावर दिसणारे कुलपाचे चिन्हही विश्वासाचे राहिले नव्हते. लोकांनी सुपरफिश अनइन्स्टॉल केले तरी ते प्रमाणपत्र जागच्या जागी राहिले. शेवटी ते काढण्यासाठी कंपनीला वेगळे साधन द्यावे लागले. म्हणून सॉफ्टवेअर काढल्यावर पुढील ठिकाणी एकदा नजर टाकावी.

टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ : संगणक चालू होताच आपोआप जागी होणारी सॉफ्टवेअर येथे दिसतात. नको ते ‘डिसेबल’ करावे. हे काढणे नव्हे, झोपवणे आहे, म्हणून चूक झाली तरी परत चालू करता येते.

ब्राउझरमधील ‘एक्स्टेन्शन्स’ : आपण न टाकलेले प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे. पहिले पान आणि शोधाची साइट पुन्हा आपल्या पसंतीची ठेवावी.

ब्राउझरमधील ‘नोटिफिकेशन्स’ : ‘पाच व्हायरस आहेत’ ही सूचना पुष्कळदा येथून येते. कधीतरी एखाद्या साइटने ‘अलाव’ दाबायला सांगितलेले असते, आणि तेव्हापासून ती साइट खोट्या सूचना पाठवत असते. संगणकात काढण्यासारखे काहीच नसते, फक्त ती परवानगी काढायची असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स येथे ती यादी मिळते. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक दुरुस्तीवाल्याला शेकडो रुपये देतात.

तपासणी कोणाकडून करावी?

विंडोजबरोबर येणारा ‘डिफेंडर’ हा घरगुती वापरास पुरेसा पहारेकरी आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन आधी ‘फुल स्कॅन’ करावा. संशय राहिला तर ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यात संगणक बंद होऊन विंडोज चालू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला लपता येत नाही. तेथेच ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ या जागी नको असलेली अॅप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. त्याच्या साइटवर सफाईची साधने मोफत मिळतात. ती तयार करणाऱ्यांत पुण्याची क्विक हील ही कंपनीही आहे. या कंपनीचे संस्थापक कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातले. त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात भाऊ संजय यांच्यासह अँटीव्हायरसच्या धंद्यात पाऊल टाकले. हातात कसब असलेल्या आपल्या तरुणांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

अँटीव्हायरस कोणताही असो, एकच ठेवावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक जागीच बसतो. ‘संगणक वेगवान करा’ अशी जाहिरात करणाऱ्या सफाईच्या सॉफ्टवेअरपासून दूर राहावे. सीक्लीनर हे या क्षेत्रातले नावाजलेले सॉफ्टवेअर. २०१७ साली त्याच्या एका अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख संगणकांवर उतरली. नावाजलेल्याची ही गत, तर निनावी झाडूवाल्यांचे काय?

दूरून संगणक चालवणारे

‘बँकेतून बोलतो’, ‘कंपनीच्या मदत केंद्रातून बोलतो’ असा फोन येतो आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे सॉफ्टवेअर उतरवायला सांगितले जाते. ही सॉफ्टवेअर मुळात वाईट नाहीत. टॅलीची दुरुस्ती करणारेही ती वापरतात. पण आपला क्रमांक सांगून परवानगी दिली की समोरच्याला आपला पडदा दिसतो आणि तो आपला माउसही हलवू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. गावातल्या ओळखीच्या माणसाने दुरुस्तीसाठी हे सॉफ्टवेअर टाकले असेल, तरी काम होताच ते अनइन्स्टॉल करावे. दुकानाची चावी सुताराला दिली तर काम झाल्यावर आपण ती परत घेतोच.

अनोळखी माणसाने संगणक हाताळला असेल तर नुसती सफाई पुरत नाही. इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकत जातो. पासवर्ड बदलावेत, पण ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून. मळलेल्या संगणकावर नवा पासवर्ड लिहिणे म्हणजे चोराच्या देखत कुलूप बदलणे होय.

फुकटच्या मालाची किंमत

आता मुळावर येऊ. हा कचरा आपल्या घरांत येतो तरी कोठून? त्याचा एक मोठा रस्ता म्हणजे ‘क्रॅक’ केलेले, अर्थात चोरून वापरलेले सॉफ्टवेअर. कोणी टॅली फुकट देतो, कोणी मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी, कोणी उर्दू लग्नपत्रिका आणि मदरशाची पत्रके करण्यासाठी इनपेज. उतरवण्याच्या सूचनांत पहिली ओळ असते : ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ पहारेकऱ्याला बाहेर पाठवा, मग मी माल आत आणतो, असे म्हणणाऱ्याला आपण दुकानात घेऊ काय?

इनपेज वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०१६ साली कॅस्परस्की या कंपनीने दाखवून दिले की इनपेजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन, इनपेजच्याच फाइलीत घातक सॉफ्टवेअर दडवून पाठवले जात होते. अधिकृत प्रत असेल तर अशी त्रुटी दुरुस्त करणारी सुधारणा मिळते. चोरटी प्रत जुन्या भोकांसह तशीच पडून राहते. साध्या कामासाठी तर चोरीची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू कळफलक मोफत मिळतात, आणि लिब्रेऑफिस हे लेखनाचे व हिशेबाचे सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट आहे.

मौजेची बाब अशी की, संगणकाचा पहिल्या पिढीतला प्रसिद्ध व्हायरस ‘ब्रेन’ हाही या चोरट्या नकलांच्या भांडणातूनच जन्मला. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांना धडा शिकवणे हा हेतू होता असे ते सांगत. व्हायरसमध्ये त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. पण तो त्यांच्या हातात राहिला नाही, फ्लॉपीवरून जगभर गेला.

आपल्या दीनमध्ये व्यापाऱ्याची पारख अमानतीवरून होते. दुसऱ्याच्या मेहनतीचे सॉफ्टवेअर न विचारता वापरणे हा त्याच्या हक्काचा प्रश्न आहे. आणि आपल्या संगणकातील ग्राहकांचे फोन नंबर, त्यांची उधारी, गल्फमधून पैसे पाठवणाऱ्याचा खाते क्रमांक, ही तर सरळ अमानत आहे. तिची हिफाजत करणे हे दुकानाचे शटर ओढण्याइतकेच आपले काम आहे.

शेवटचा उपाय

एवढे करूनही त्रास थांबला नाही, किंवा चोरटे सॉफ्टवेअर खोलवर शिरल्याची शंका असेल, तर विंडोज नव्याने बसवणेच शहाणपणाचे. ‘रीसेट धिस पीसी’ या सोयीत ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय असतो. पण त्यातही आपण टाकलेली सॉफ्टवेअर सगळी निघून जातात. हिशेब जागेवर राहीलच हे गृहीत धरू नये, बॅकअप हाती असल्याशिवाय हे बटण दाबू नये. सॉफ्टवेअरचे परवाने आणि पासवर्डही आधी लिहून ठेवावेत. विंडोज ७ ची सुरक्षा-सुधारणा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ची नेहमीची सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. गल्फहून आलेला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नसेल, तर तो मुलांसाठी ठेवावा आणि बँकेचे व जीएसटीचे काम दुसऱ्यावर करावे.

पुन्हा घाण साचू नये म्हणून दोन सवयी पुरेशा आहेत. मुलांसाठी विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते उघडून द्यावे. त्यातून बहुतेक सॉफ्टवेअर मोठ्यांच्या पासवर्डशिवाय उतरत नाही. आणि दर महिन्याला विवरणपत्र भरून झाले की त्याच दिवशी हिशेबाचा बॅकअप घ्यावा, सॉफ्टवेअरची यादी वहीतल्या यादीशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. वर्षाचा रोजमेळ पुन्हा लिहून काढायला किती महिने लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.